दोन हजार मीटर खालचा चिखल आणि मामाचं क्रिएटिनिन

मे २०२१ मध्ये मामाला म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झाला. तासगावजवळ त्याची द्राक्षबाग आहे, शुगर जुनीच, कोरोना होऊन घरी आला आणि आठवड्याभरात एका बाजूचा गाल सुजला, वरचे दात हलायला लागले, स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की वरचा जबडा अर्धा काढावा लागेल आणि अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध आजच सुरू करायचं. हिशोब असा होता की लायपोसोमल, म्हणजे किडनीला कमी त्रास देणारं, अँफोटेरिसिन वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, मामाचं वजन ६० किलो, एक वायल ५० मिलिग्रॅमची, म्हणजे दिवसाला सहा वायल आणि असं कितीतरी दिवस, आणि बाजारात तेव्हा एक वायल मिळायची मारामार. मामेभाऊ, माझे बाबा, मी, सगळे दिवसभर फोनला चिकटलेले. मिळेपर्यंत थांबता येत नव्हतं म्हणून मामाला साधं, जुनं अँफोटेरिसिन लावलं, आणि चार दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की वाढणारा आकडा, १.१ वरून २.८ वर गेलं. त्या दिवसांत संध्याकाळी मामीला फोन लावला की पहिला प्रश्न जबड्याचा नसायचा, क्रिएटिनिन किती आलं हाच असायचा.

मामा वाचला. अर्धा जबडा गेला, खोटा बसवलाय, बोलणं थोडं घोगरं झालंय, पण बागेत सकाळी सहाला हजर असतो. त्या लाटेत देशात ४० हजारांहून जास्त लोकांना म्युकर झाला आणि सगळ्यात जास्त केसेस आपल्या महाराष्ट्रात, त्यातले कितीतरी वाचले नाहीत, त्यामुळे आमचं नशीब चांगलं असंच मी म्हणते.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाने माणसाची किडनी का मारावी? मी मायक्रोबायोलॉजीवाली, उत्तर पुस्तकातलं पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि मामीच्या आवाजात ऐकणं वेगळं.

उत्तर असं की बुरशी आपली नातेवाईक आहे. आपण तिला झाडापाल्याच्या गटात धरतो, पण खरं तर ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची. बॅक्टेरियाचं तसं नाही, त्यांची पेशीभित्तिकाच वेगळी, आपल्याकडे ती नाहीच, म्हणून पेनिसिलिन तिच्यावर घाव घालतं आणि आपल्या पेशींना कळतही नाही. बुरशीच्या पेशीत मात्र केंद्रक आपल्यासारखं, मायटोकॉन्ड्रिया आपल्यासारखा, प्रथिनं बनवायची यंत्रणा आपल्यासारखीच. मग मारायचं कुठं? एक फरक सापडतो, आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं आणि बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन ते एर्गोस्टेरॉल पकडतं. पण दोन्ही रेणू सख्ख्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे ते थोडं आपलं कोलेस्टेरॉलही पकडतं आणि त्याची किंमत किडनी मोजते. दुसरा फरक बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या ग्लुकान नावाच्या पदार्थाचा, त्यावर इकायनोकँडिन नावाची औषधं आहेत, चांगली आहेत, पण म्युकरवर जवळपास कामाचीच नाहीत. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध म्युकरवर चालत नाही. सगळे औषधांचे गट मोजायला घेतले तर एका हाताच्या बोटांवर थोडे जास्त होतील, बस. आणि याच मोजक्या औषधांना बुरशी सरावत चाललीय. मी मध्ये दोन वर्षं चिंचवडला एका डायग्नोस्टिक लॅबमध्ये होते, तिथं गजकर्णाची खरवड रोज यायची, एकेक माणूस सहा-सहा महिने गोळ्या खाऊन आलेला, मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम आणून चोळलेलं, आणि मायक्रोस्कोपखाली बघावं तर बुरशीचे धागे जसेच्या तसे. टर्बिनाफिन या गजकर्णाच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची जात आता जगभर गेलीय आणि नावातच आपला देश आहे. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये पहिल्यांदा धोकादायक बुरशींची यादी काढली, १९ नावं. बॅक्टेरियाची तशी यादी २०१७ मध्येच आली होती. बुरशीकडं लक्ष जायला नेहमीच उशीर होतो.

आता ही जी थोडी औषधं आहेत त्यातली जुनी कुठून आली बघा. अँफोटेरिसिन बी १९५५ चं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या एका जिवाणूमधून. त्याच्या आधी निस्टॅटिन, ते एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधलं, हेझन न्यूयॉर्कमध्ये आणि ब्राउन ऑल्बनीत, बरण्या पोस्टाने इकडून तिकडे पाठवत काम केलं, आणि ज्या मातीत सापडलं ती हेझनच्या ओळखीतल्या एका शेतावरची, व्हर्जिनियातली. रॉयल्टीचे लाखो डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. मला या दोघींबद्दल फार आदर आहे, कधीतरी वेगळं लिहीन.

आणि मी पिंपरीची. एच.ए. कंपनी म्हणजे आमच्यासाठी बसचा स्टॉप आणि समोरचं ग्राउंड. १९५४ मध्ये सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सरकारी, पेनिसिलिनवाली, एवढंच माहीत. एमएस्सीला गेल्यावर कळलं की १९६१ च्या सुमारास याच कंपनीत एम. जे. थिरुमलाचार यांच्या टीमने हॅमायसिन शोधलं, बुरशीवरचं औषध, आणि ज्या जिवाणूने ते बनवलं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंप्रिना! मागून त्यांनीच ऑरिओफंगिन काढलं, ते पिकांवरच्या बुरशीसाठी. म्हणजे ज्या रस्त्याने मी रोज शाळेत जायचे तिथं जगातल्या मोजक्या अँटिफंगलपैकी एक जन्मलं होतं आणि शाळेत कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण मातीचं असं झालं की ती तीच तीच उत्तरं द्यायला लागली. हजार स्ट्रेप्टोमायसिस वेगळे करा, बुरशी मारणारे निघतात भरपूर, आणि आतलं रसायन बघितलं की पुन्हा तेच, अँफोटेरिसिनचा कुणीतरी चुलत भाऊ. म्हणून लोक समुद्राकडं वळले. सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेत विल्यम फेनिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम जोरात सुरू केलं, आणि १९८९ या एकाच वर्षातल्या त्यांच्या दोन गोष्टी मला फार आवडतात.

पहिली म्हणजे मॅक्रोलॅक्टिन. पॅसिफिकमध्ये सुमारे हजार मीटर खोलवरून आणलेल्या गाळातल्या एका बॅक्टेरियाने बनवलेला मोठ्या कड्याचा रेणू, खोल समुद्रातल्या जिवाणूकडून मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या नव्या रेणूंपैकी एक.

दुसरी गोष्ट कोळंबीची आणि ती खोल समुद्रातली नाही, खाडीतली आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. पॅलेमॉन जातीची छोटी कोळंबी अंडी पोटाखाली बाळगते. पाण्यात लॅजेनिडियम नावाची बुरशीसारखी एक जात असते, ती अंडी खाऊन टाकते. पण या कोळंबीची अंडी सुरक्षित. का? गिल-टर्न्स, मार्क हे आणि फेनिकल या तिघांनी काही अंडी पेनिसिलिनने धुतली म्हणजे वरचे जिवाणू गेले, आणि मग ती बुरशी सोडली, अंडी पटापट मेली. मग धुतलेल्या अंड्यांवर तेच जिवाणू परत सोडले, तर अंडी जगली. शेवटी जिवाणूंऐवजी फक्त त्यांनी बनवलेलं रसायन लावलं तरी जगली! ते रसायन निघालं आयसॅटिन, म्हणजे रसायनशास्त्रज्ञांना १८४० च्या आसपास आपल्या कापडाच्या निळीपासून मिळालेलं, दीडशे वर्षं बाटलीत पडून असलेलं साधं केमिकल. अंड्याच्या कवचावर बसलेला अल्टेरोमोनास नावाचा एक जिवाणू ते गुपचूप बनवत होता. इथं मारणारं रसायन एका जिवंत, नाजूक, वाढत्या गर्भाला चिकटून बनतंय आणि गर्भाला काही होत नाहीये. किडनीचा जो प्रश्न मामाच्या बाबतीत सुटला नाही तो या अंड्याच्या बाबतीत निसर्गात सुटलेला आहे. म्हणून मला वाटतं की नुसत्या गाळापेक्षा कुणाच्या तरी अंगावर राहणारे जिवाणू जास्त आशेचे.

यावर कुणी विचारेल की एवढ्या खोल, अंधारात, तीन अंश तापमानाला बुरशी तरी असते का, की जिवाणूंनी तिच्याशी भांडावं? असते. आपल्याच गोव्यात, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिंदी महासागराच्या मध्यभागातल्या, पाच हजार मीटर खोल गाळातून बुरशी वाढवून दाखवली. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो म्हणजे तिथं पाचशे वातावरणाचा दाब, आणि त्यातही ॲस्परजिलस नावाची बुरशी. वरून मेलेल्या प्लवकांचा चुरा बर्फासारखा भुरभुरत खाली येतो, तेवढंच अन्न, आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. भांडण होणारच.

माझा स्वतःचा चिखल अरबी समुद्रातला, दोन हजार मीटरवरचा. २०१९ मध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी गोव्यात होते तेव्हा एका मोहिमेतून आलेल्या गाळातला वाटा मिळाला, दोन चमचे असेल, राखाडी, गुळगुळीत, हाताला उटण्यासारखा. तो आधी थोडा तापवायचा म्हणजे नाजूक, लवकर वाढणारे बॅक्टेरिया मरतात आणि स्पोअरवाले, म्हणजे चिवट बीजाणू बनवणारे, राहतात, मग समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरायचा आणि त्या अगारमध्ये निस्टॅटिन घालायचं, नाहीतर हवेतली बुरशी येऊन सगळी प्लेट खाते. हेझन आणि ब्राउनचं निस्टॅटिन घालून पुढचं निस्टॅटिन शोधायचं, मला त्यात काहीतरी छान वाटायचं. पहिले काही दिवस काही नाही. तीन आठवड्यांनी खडूसारखे कोरडे ठिपके आले आणि झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास, कारण मातीचा तो वासच मुळी या ॲक्टिनोबॅक्टेरियांचा, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिसच्या गटातल्या जिवाणूंचा.

त्यात बॅसिलस नावाचा एक जिवाणू निघाला ज्याने कॅन्डिडा या बुरशीच्या प्लेटवर १८ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ पाडलं, म्हणजे तेवढ्या जागेत तिला वाढूच दिलं नाही, फ्युझेरियम या दुसऱ्या बुरशीला तर पुढं सरकूच दिलं नाही. मी त्या रात्री आईला फोन करून सांगितलं होतं. मग अर्क काढला, रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीला दिला, आणि कागदावर तीन शिखरं आली, १०४३, १०५७, १०७१, प्रत्येकात १४ चं अंतर. आमच्या गाइडनी कागद बघितला आणि काही न बोलता शांतपणे परत दिला, कारण या क्षेत्रातला कुणीही ते आकडे ओळखतो. इटुरिन. काँगोतल्या इटुरी भागाच्या मातीत १९५० च्या दशकात सापडलेला लिपोपेप्टाइड, म्हणजे चरबीची शेपटी असलेला प्रथिनासारखा छोटा रेणू, १४ चं अंतर म्हणजे शेपटीत एकेक कार्बन वाढत गेलेला. मातीतले बॅसिलस तो सर्रास बनवतात. ब्लड अगारवर टाकला तर त्याने रक्ताच्या पेशीही फोडल्या. म्हणजे पुन्हा तेच, बुरशी मारतो आणि आपल्यालाही सोडत नाही.

त्यात अजून एक पेच होता. माझा बॅसिलस मिठाशिवाय साध्या अगारवर मस्त वाढायचा, ३७ अंशांना तर फारच खूश. मग तो खरंच खोल समुद्रातला का? बॅसिलसचे स्पोअर प्रचंड चिवट असतात, नदीच्या गाळातून, वाऱ्यावरच्या धुळीतून समुद्रात जातात, तळाशी जाऊन पडतात आणि वर्षानुवर्षं झोपून राहतात, आपण प्लेटवर आणलं की उठतात. दोन हजार मीटरवरून आणला म्हणून तो तिथला रहिवासी होत नाही. फेनिकल आणि पॉल जेन्सन यांच्या सॅलिनिस्पोराची गोष्ट म्हणूनच महत्त्वाची ठरली, कारण तो ॲक्टिनोबॅक्टेरिया समुद्राच्या पाण्याशिवाय वाढतच नाही, म्हणजे समुद्राचाच. खोल समुद्रातून अमुक सापडलं अशी बातमी वाचली की मी आता आधी हेच शोधते, की त्याला मीठ लागतं का, थंडीत वाढतो का, दाबाखाली बघितला का.

हे सगळं मी मामाला सांगितलं होतं, तेव्हा तो आजारी नव्हता, ऑक्टोबर छाटणी झालेली, मी सुट्टीला गेलेले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माणसाला चालत नसंल तर माझ्या भुरीला मार की." आणि ते खरं आहे! भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या रोगांसाठी तो जे बॅसिलस सबटिलिसचं पाकीट आणतो त्यातही मुख्य काम याच घराण्यातल्या लिपोपेप्टाइडचं, इटुरिन, फेंजायसिन. त्यात मॅक्रोलॅक्टिन बनवणारेही बॅसिलस असतात, हो, तेच हजार मीटर खोलवरचं मॅक्रोलॅक्टिन, ते पुढं शेतातल्या मातीच्या बॅसिलसमध्येही सापडलं. पानावर रक्त नसतं, त्यामुळे तिथं हे रेणू बिनघोर वापरता येतात, आणि एक्सपोर्टच्या मालात रेसिड्यूची, म्हणजे औषधाचा अंश उरायची, भीती कमी. मला तर वाटतं की शेतीत हे जितकं वाढेल तितकं बरं, कारण बागेत मारतो ती ट्रायाझोल बुरशीनाशकं आणि हॉस्पिटलमध्ये देतात ती फ्लुकोनॅझोलसारखी ॲझोल औषधं एकाच घरातली, आणि ॲझोलला न जुमानणारी ॲस्परजिलस शेतातल्या फवारणीमुळे तयार होते हे नेदरलँड्समध्ये नीट दिसून आलंय. मामाला हे सांगितल्यापासून त्याने दोन फवारण्या कमी केल्यात. भुरी जास्त आली की मारतो परत, त्याला दोष नाही, वर्षाचं पीक असतं.

मधल्या काळात एक चांगली बातमी आली. नोव्हेंबर २०२० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टिम बग्नी आणि डेव्हिड अँडीस यांच्या टीमने टर्बिनमायसिन जाहीर केलं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात चिकटून राहणारा सी स्क्वर्ट नावाचा मऊ पिशवीसारखा प्राणी, त्याच्या अंगात राहणारा मायक्रोमोनोस्पोरा. परत बघा, कुणाच्या तरी अंगात राहणारा! त्यांनी वर्तुळं मोजत बसण्याआधी प्रत्येक जिवाणूच्या रसायनांचा ठसा घेतला आणि बाकीच्यांपेक्षा ज्याचा ठसा वेगळा त्यालाच पुढं नेलं, म्हणजे इटुरिनसारखे जुने पाहुणे दारातच कळतात. टर्बिनमायसिन एर्गोस्टेरॉलच्या नादाला लागत नाही, ते बुरशीतलं एसईसी १४ नावाचं प्रथिन अडवतं, पेशीच्या आतली सामानाची ने-आण ठप्प होते. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसवर आणि ॲस्परजिलसवर चाललं, उंदरांमध्ये चाललं आणि उंदरांना त्रास दिसला नाही. मी तो पेपर नोकरीवरच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचला, डबा तसाच राहिला. माणसाचं औषध व्हायला अजून खूप टप्पे आहेत हे कळतं, पण इतक्या वर्षांनी कुणीतरी किडनीच्या बाजूने न जाता वेगळी वाट काढली होती.

आणि कॅन्डिडा ऑरिस स्वतः कुठं सापडली माहितीये? २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात पहिल्यांदा मिळाली, नंतर जगभरच्या आयसीयूंमध्ये, पण निसर्गात ती कुठं राहते कुणाला कळेना. २०२१ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी यांच्या टीमने ती अंदमानच्या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत आणि वाळूत शोधली. म्हणजे रोगही समुद्रकाठचा. तिच्या शेजारी राहून तिला आवर घालणारं कुणीतरी तिथंच असणार असं मला मनापासून वाटतं, यासाठी माझ्याकडे पुरावा नाही, कोळंबीची अंडी आहेत फक्त.

मामाचं सगळं झाल्यावर मी लॅबची नोकरी सोडली आणि पीएचडीला लागले. गोव्यातल्या त्या प्लेटवरचे खडूसारखे ठिपके आम्ही तेव्हा ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांना गोठवून ठेवले होते, बॅसिलसच्या गडबडीत त्यांच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. त्यातला एक परत जागा केला. हा समुद्राच्या पाण्याशिवाय वाढत नाही, ३७ ला मरतो, आणि ८ अंशांना हळूहळू का होईना पण वाढतो. जीनोम वाचून घेतला तर काहीतरी रसायन बनवायची तयारी असलेल्या वीसेक जागा दिसतात, त्यातल्या निम्म्यांना ओळखीचं नाव नाही, आणि साध्या प्लेटवर तो त्यातलं जेमतेम दोन-तीन बनवतो. शत्रू समोर नसेल तर कशाला बनवेल? म्हणून मी आता त्याच्या शेजारी, त्याच गाळातून निघालेली बुरशी लावलीय, दोघांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर, आणि प्लेट कोल्ड रूममध्ये. सोबत रक्ताच्या पेशींची टेस्ट यावेळी पहिल्याच दिवशी लावणार आहे, वर्तुळ दिसायच्या आधी नाही पण वर्तुळाच्या आनंदात आईला फोन करायच्या आधी नक्की.

मामा दर रविवारी विचारतो, "चिखल काय म्हणतोय गं?" गेल्या रविवारी सांगितलं की चौथा आठवडा चालू आहे, बुरशी त्याच्याकडं सरकत होती आणि सात मिलिमीटरवर थांबलीय, अजून त्याने मारलंय की तिचं अन्न संपलंय हे कळत नाही, कंट्रोल प्लेट, म्हणजे जिवाणूशिवाय नुसती बुरशी लावलेली, शुक्रवारी उघडणार. तो म्हणाला शुक्रवारी रात्री फोन कर, मी जागा असतो.